तिसऱ्या हाकेची ओ

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी शिरूरला एका कंपनीत अकाउंट्स बघते. जे जुळत नाही त्यात कुठेतरी चूक असते, एवढंच मला कळतं. हे मात्र काही केल्या जुळत नाही, म्हणून इथे लिहितेय...

आमचं घर इनामगावात, घोडनदीच्या बाजूला. घरात मी, नवरा आणि सासरे — आबा. आबांची एक खोड होती. पहिल्या हाकेला ते कधीच ओ द्यायचे नाहीत. भूत एकदाच हाक मारतं, माणूस तीनदा मारतो, असा त्यांच्या मेंढपाळ घरातला जुना नेम. आणि तो ते दिवसाढवळ्याही पाळायचे! चहासाठी रोज मला तीनदा ओरडावं लागे. भुतं चहा करत नाहीत हो आबा, असं मी चिडवायचे. ते मिशीत हसायचे, पण नेम मोडायचे नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी नवरा विहिरीवरची जळालेली मोटर दुरुस्त करून आणायला दौंडला गेला होता. दुपारी मी लसूण सोलायला बसले आणि टीव्हीवर नेटवरचा एक सिनेमा लावला. कॉमिकवरून काढलेला, हिंदीत डब केलेला — मेलेला हीरो कबरीतून उठतो आणि हाणामारी करतो, असला प्रकार. अपेक्षा शून्य. लसूण सोलताना अर्धं लक्ष पुरेल म्हणूनच निवडला होता. आबाही खाटेवर येऊन बसले. हीरोचा मेकअप बघून म्हणाले, "ह्याला कावीळ झालीया." आम्ही दोघं पोट धरून हसलो.

मग तो सीन आला. हीरो धुक्यात, नदीकाठी उभा. डायलॉग नाही, म्युझिक नाही... आणि आबा एकदम ताठ बसले. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान कलती केली. बराच वेळ तसेच होते. मग अगदी स्पष्ट म्हणाले, "ओ."

मी हातातला लसूण खाली ठेवला. कुणाला ओ दिली, विचारलं.

"दादा हुता. तीनदा हाक मारली त्यानं."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी ते वारले, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं आबांनी तेव्हा सांगितलं, नजर टीव्हीवरच ठेवून. तरुणपणी दोघे भाऊ मेंढरं घेऊन नदीकाठी मुक्कामाला होते. रात्री पाण्याकडून दादाची हाक आली. आबा नेमाप्रमाणे दुसऱ्या हाकेची वाट बघत पडून राहिले. दुसरी आलीच नाही... सकाळी दादा नदीत सापडले.

"तवा त्याला येकदाच मारता आली गं," आबा म्हणाले. "आज तिन्ही मारल्या."

आणि ते रडले. मलाही आवरलं नाही. इतकी वर्षं हे त्यांनी एकट्यानं वागवलं होतं! नंतर तो सीन मी पुन्हा पुन्हा मागे घेऊन बघितला. त्यात कुणीच कुणाला हाक मारत नाही.

वय झालंय, भास झाला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. शिवाय त्या दिवसापासून आबा पहिल्याच हाकेला ओ देऊ लागले. चेहराही मोकळा दिसू लागला. मला बरंच वाटलं, चहा गार होणं थांबलं...

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी चहा गाळून मी एकच हाक मारली. परसातून लगेच ओ आली — आबांसारखीच, पण जरा तरुण. कप घेऊन मागे गेले, तर परसात कुणी नाही. पुढच्या खोलीत आले, तर आबा खाटेवर घोरत होते.

नवरा म्हणतो, शेजारून कुणीतरी दिली असेल. शेजारचं घर दोन वावरं पलीकडे आहे. आबांना मी काही सांगितलेलं नाही. आत्ता कुठे ते सुखानं झोपायला लागलेत. तुमच्यापैकी कुणाला काही उलगडा होत असेल तर जरूर सांगा, मला तर आजवर झालेला नाही.

आता ओ आली तरी मी उरलेल्या दोन हाका मारतेच. "आगं, दिली की ओ, किती वरडतीस," आबा हसत म्हणतात. मी मात्र ते दारात दिसेपर्यंत चहा कपात ओतत नाही.