व्यवसाय : गृहिणी

"मॅडम, या बाईंचा हात मोडला तर नेमकं काय थांबणार?"

आमच्या विमा कंपनीच्या शाखेचे मॅनेजर फॉर्म माझ्याकडं सरकवत विचारत होते. मी म्हटलं, सगळं घर थांबेल सर.

"फॉर्मवर तर काहीच थांबत नाही," ते म्हणाले.

व्यवसायाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : गृहिणी. अक्षर सुंदर होतं. आमच्या घराण्यात बी.कॉम. झालेली मी पहिलीच, अक्षरावरून मला कुणी बोलू शकत नाही. बाकी सगळ्यावरून त्या दिवशी बोलणी खाल्ली.

फॉर्म होता लोहाऱ्याच्या महानंदाबाईंचा. त्यांचे यजमान शिवलिंगआप्पा यांचं किराणा दुकान. दुकानामागं पत्र्याच्या शेडमध्ये महानंदाबाई आणि चार बायका कडक भाकरी करतात. ती पार लातूर-सोलापूरच्या हॉटेलांत जाते. कोपऱ्यावर मार्ट झाल्यापासून आप्पा गिऱ्हाइकापेक्षा पेपरच जास्त बघतात. घरखर्च, मुलीचं नर्सिंगचं शिक्षण, सगळं भाकरीवर. गल्लीतली एक बाई गाडीवरून पडून तीन महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा महानंदाबाईंनी धसका घेतला आणि आप्पांनी मला फोन केला.

अपघात विम्यात एक भाग असतो. अपघातामुळं काही आठवडे आपलं काम करता आलं नाही, तर दर आठवड्याला ठरलेली रक्कम मिळते. ती ठरते कमाईवर. आमच्या त्या पॉलिसीत गृहिणीला हा भागच नव्हता. आणि महानंदाबाईंना नेमका तोच हवा होता.

फॉर्म भरताना मी आप्पांना विचारलं होतं, बाई काय करतात?

"ती व्हय? घरीच असती," आप्पा म्हणाले.

मी लिहून टाकलं. मागं शेडमध्ये थापायचा आवाज चालू होता आणि माझ्या तोंडात त्याच भाकरीचा तुकडा होता, शेंगाचटणीसकट. आमच्याकडं रीतच अशी. बाई समोर असली तरी प्रश्न नवऱ्याला.

परत लोहारा गाठलं. चूक माझी आहे म्हणून सांगितलं. आप्पांची शंका निराळीच होती. उद्या पोरीला नोकरी लागली आणि हिनं भाकरी सोडली, तर काय मिळंल? मी सांगितलं, अपघातानं थांबल्या तर मिळेल, कंटाळून थांबल्या तर नाही.

"मग कंटाळायची सोयच न्हाय म्हणा," शेडमधून महानंदाबाईंचा आवाज आला.

खरी अडचण पुढं होती. बाईंच्या कमाईचा कागद मागितला, तर एकही नव्हता. हॉटेलांची बिलं दुकानाच्या पावतीबुकावर, पैसे दुकानाच्या खात्यात आणि इन्कम टॅक्सचं रिटर्न आप्पांच्या नावानं. सरकारच्या लेखी भाकरी आप्पाच थापत होते. मी म्हटलं, धंद्याची नोंदणी बाईंच्या नावावर करा, हॉटेलांचे पैसे त्यांच्या खात्यात येऊ द्या आणि त्यांचं वेगळं रिटर्न भरा. त्या वर्षाचं भरायचं राहिलं होतं, एवढं नशीब.

आप्पा "बघू" म्हणाले. मग आठ दिवस फोन उचलला नाही. नवव्या दिवशी कळलं, ते सोनारीला देवाला गेलेत. शेवटी मी न सांगताच जाऊन बसले. चहा झाल्यावर आप्पा मोकळे झाले.

"मॅडम, दुकान माझ्या वडलांच्या हातचं. टॅक्सवाला गावातलाच. उद्या चौकात सांगंल, आप्पा बायकोच्या जिवावर खातोय."

महानंदाबाई पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आल्या.

"खाताच की. त्यात लपवायचं काय? पण माझा हात मोडला, तर चौकातलं कोण थापाय येणार हाय?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी फाइलकडं बघितलं. मग त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि टॅक्सवाल्याकडं निघाले.

कागद व्हायला दीड महिना गेला. नवा फॉर्म मी शेडमध्ये बसून भरला. व्यवसाय विचारल्यावर महानंदाबाई म्हणाल्या, "लिवा, भाकरीचा कारखाना." मी 'कडक भाकरी उत्पादन, मालक' असं लिहिलं. उजवं मनगट अधूनमधून दुखतं, हेही त्यांनी सांगितलं. तेही लिहिलं. लपवलेलं दुखणं क्लेमच्या वेळी आडवं येतं.

पॉलिसी मिळाली. आप्पांनीही स्वतःची काढली. भाकरी त्यांच्या कमाईतून वजा झालेली, त्यामुळं त्यांची आठवड्याची रक्कम बायकोच्या निम्मीही बसली नाही. चष्मा लावून त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"म्हंजे मी पडलो तर चालंल म्हणा."

"पडू नका," महानंदाबाई म्हणाल्या. "ज्वारी दळून आणाय माणूस लागतंय."

त्या पॉलिसीवर अजून एकही क्लेम आलेला नाही. आमच्या धंद्यात यालाच यश म्हणतात. मी मात्र तेव्हापासून ज्याचा विमा त्यालाच प्रश्न विचारते. नवऱ्यांना फक्त पाणी आणायला सांगते.