अनाउन्सरकाकांचा लपवलेला आवाज

बसस्टँडवर माइकसमोर बसून ज्यांनी हयात काढली, त्या अनाउन्सरकाकांचा आवाज म्हणजे एक प्रकरण होतं. गाडी फलाटावर लागतेय, एवढंच तर सांगायचं. पण ते असं सांगायचे की तिकीट न काढलेल्या माणसालाही कुठंतरी जावंसं वाटावं. घरात मात्र त्या आवाजाचं कौतुक नव्हतं. "हळू बोला, इथून गाडी सुटत नाहीये," हे काकूंचं ठरलेलं वाक्य.

मग घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी काकांना एकट्याला बसवून सांगितलं. काकांनी घरी येऊन काकूंना सांगितलं, "किरकोळ ऑपरेशन आहे." आणि काकू बाजारात गेल्या की दार लावून कॉम्प्युटरसमोर बसू लागले. मुलीला दिवस गेले होते. होणाऱ्या नातवंडासाठी त्यांनी गोष्टी रेकॉर्ड केल्या आणि काकूंना पत्ता लागू नये म्हणून फोल्डरवर 'लपवा' अशी खूण केली. फोल्डर नाहीसा झाला नाही, नुसता फिकट झाला. लपवणं म्हणजे एवढंच असतं, अशी काकांची समजूत झाली. काकूंना चष्म्याशिवाय गडदसुद्धा दिसत नाही, तेव्हा फिकट पुरे, असा त्यांचा हिशेब.

ऑपरेशन झालं, जीव वाचला. काकूंना वाटलं, स्वरयंत्र काढायचं ऐन वेळी ठरलं असेल. काकांनी तसंच वाटू दिलं. गळ्याला छिद्र, आत बारीकशी झडप. छिद्रावर बोट दाबून बोलायला नर्सनं शिकवलं, पण पहिला शब्द इतका घोगरा निघाला की काकांनी कानाला खडा लावला. तेव्हापासून पाटीवर लिहायचं, मान हलवायची, विषय संपला. काकू विनवण्या करून थकल्या.

मुलगी लांबच्या शहरात. नात बसायला लागल्यावर मुलगी आणि जावई तिला घेऊन पहिल्यांदाच राहायला आले, आणि नेमकं त्याच दिवशी कॉम्प्युटरनं स्वतःला नवं करायचं मनावर घेतलं. बराच वेळ पडद्यावर चक्र फिरत राहिलं. शेवटी सगळं चकाचक उघडलं आणि फोल्डर गायब. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकू बाहेर गेल्या की नातीला गोष्ट ऐकवायचा बेत होता. आजोबांचा खरा आवाज जगात तेवढ्या एकाच जागी उरला होता. पण काय हरवलं ते लिहिणार कसं? काकू समोरच उभ्या. काकांनी पाटीवर लिहिलं, 'कॉम्प्युटर बिघडला.'

जावईबापू उत्साही. "बाबा, सगळं पुसून नव्यानं टाकतो. तुमचं यात फारसं काही दिसतच नाही," असं म्हणून ते कामाला लागलेसुद्धा.

काकांनी पाटीसाठी हात लांब केला. पाटी नातीकडे होती आणि ती तिचा कोपरा चघळण्यात रंगली होती. इकडे जावयाचा हात माऊसवर. काकांनी गळ्यावर बोट दाबलं.

"नको," ते म्हणाले. मग श्वास घेऊन, "माझा आवाज आहे त्यात."

मुलीनं बापाचं बोलणं वर्षभरात ऐकलं नव्हतं. ती उठून त्यांच्याजवळ आली. जावयानं हात मागे घेतला, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"डिस्क तर भरलेली दिसतेय," तो म्हणाला. "म्हणजे गेलेलं काही नाही, दिसत नाहीये फक्त. तुम्ही काही लपवलं होतं का?"

"लपवलं होतं. पण दिसायचं."

जावयाला हसू आवरेना. "लपवलेलंही दाखव, अशी खूण आधी चालू असणार. नव्या सिस्टिमनं ती काढून टाकली." त्यानं ती परत चालू केली, आणि फोल्डर फिकटच, पण जागच्या जागी.

काकूंनी चष्मा लावून तारीख वाचली. "ही ऑपरेशनच्या आधीची आहे." तारखेवर बोट ठेवून म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक होतं. आणि मी वेडी, किरकोळ आहे, किरकोळ आहे म्हणून तुम्हालाच धीर देत बसले."

"तू झोपली नसतीस," काका म्हणाले. काकूंनी डोळे पुसले. राग आला होता, आणि त्याहून जास्त माया.

मुलीनं पहिली गोष्ट लावली. 'एक होतं कासव. त्याला बसनं जायचं होतं.' तोच भरदार आवाज. मुलीला रडू फुटलं. नातीनं मात्र स्पीकरकडे एकदा बघितलं आणि परत पाटी तोंडात घातली. काकांचा चेहरा उतरला. ज्यासाठी एवढा जीव टांगणीला लागला, ते तिच्या गावीही नव्हतं.

कासव फलाटावर पोचलं. पुढचं वाक्य यायच्या आत काकांनी गळ्यावर बोट ठेवलं. "आणि बस सुटली," ते नातीकडे वाकून म्हणाले.

नातीच्या हातून पाटी पडली. तिनं गर्रकन मान वळवली, आजोबांच्या हलणाऱ्या ओठांकडे टक लावून पाहिलं आणि खुदकन हसून दोन्ही हात पुढे केले.

काकूंनी स्पीकर बंद केला.

"ते आता कुठं जात नाही," त्या म्हणाल्या. "पुढचं तुम्ही सांगा."