उद्या काढायची फाइल

माझे भाऊजी शहरातल्या मोठ्या वाचनालयाचा लिनक्स सर्व्हर सांभाळायचे. बावीस वर्षं त्यांनी एकच धर्म पाळला. सॉफ्टवेअरच्या पॅकेजसोबत आलेल्या कॉन्फिग फाइलला, म्हणजे सेटिंग्जच्या मूळ फाइलला, हात लावायचा नाही. आपला बदल शेजारच्या फोल्डरमध्ये, वेगळ्या छोट्या फाइलीत लिहायचा, तिला क्रमांक द्यायचा आणि वरच्या ओळीत कोणी, कधी, कशासाठी हे नोंदवायचं. म्हणजे अपग्रेडमध्ये मूळ फाइल बदलली तरी आपलं काम शाबूत. कोणी मूळ फाइलीत एक ओळ जरी घुसडली, तरी भाऊजी त्याला सगळ्यांदेखत फैलावर घ्यायचे. आणि कारण न लिहिणारा तर त्यांच्या लेखी माणसांत जमाच नव्हता.

घरात मात्र ताईने त्यांना एका डब्यालाही हात लावू दिला नाही. तुमचे क्रमांक ऑफिसात, म्हणायची.

निवृत्त होताना त्यांनी छाती फुगवून सांगितलं होतं, की पुढचं अपग्रेड माझ्याशिवाय होईल, मला एक फोनसुद्धा येणार नाही. ते अपग्रेड परवाच्या सोमवारी होतं. मी सकाळी त्यांच्या घरी गेलो, तर भाऊजी फोन मांडीवर घेऊन बसलेले. तो वाजू नये म्हणून लक्ष ठेवतोय, म्हणाले. दोनदा चहा गार झाला. दुपार कलली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. बिचारे जिंकत होते, आणि तेच त्यांना सोसवत नव्हतं.

चार वाजता फोन आला. त्यांच्या जागेवर लागलेली मुलगी होती. भाऊजींनी स्पीकर लावला, आम्हालाही ऐकू यावं म्हणून. ती म्हणाली, अपग्रेड वीस मिनिटांत झालं, कुठे काही अडलं नाही. फक्त नव्याण्णव क्रमांकाच्या फाइलीत एक ओळ आहे. वर लिहिलंय, 'तात्पुरती. उद्या काढणे.' तारीख अकरा वर्षांपूर्वीची, नाव तुमचं, कारण काहीच नाही.

"सर, काढू का ही?"

भाऊजींनी डोळे मिटले, कपाळ चोळलं. ताईकडे बघायचं मात्र टाळलं.

"राहू दे," ते म्हणाले. "फोनवर सांगण्यासारखं नाही ते. मी येतो."

फोन ठेवून ते लगबगीने बूट शोधायला लागले. इतक्या खुशीत मी त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. कशासाठी होती ती ओळ, आठवलं का, असं ताईने विचारलं.

"नाही," लेस बांधत ते म्हणाले, "पण उद्यापर्यंत आठवेल."