बाजारातलं दार

“पोरीले बोलाचं काय काम हाय? मायचा फोटो लावला की झालं.”

मोठे बाबा बैठकीत बोलत होते आणि मी आत चहा गाळत होते. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. गावातल्या राजकारणाचं आमच्या घरातलं सगळं तेच बघतात. पुढे बाबा काहीतरी म्हणतील असं वाटून मी हात थांबवला. बाबांनी चहासाठी हाक मारली. मग मी गाळणीतला चोथा चमच्याने दाबत राहिले, त्यातून काही निघत नव्हतं तरी.

आई आमच्या वॉर्डाची ग्रामपंचायत सदस्य होती. जागा बाईसाठी राखीव होती, म्हणून ती होती. मीटिंगला मोठे बाबा जायचे आणि सहीसाठी रजिस्टर घरी यायचं. शिपाई दारात उभा राहायचा, आई पिठाचे हात पुसून सही करायची आणि त्याला विचारायची, “काय ठरलं रे भाऊ?” तो हसायचा. आई गेली तशी जागा रिकामी झाली, पोटनिवडणूक लागली आणि घरात निवडणुकीच्या वयाची बाई मी एकटीच उरले होते. मला कुणी विचारलं नाही. मी नाही म्हणाले नाही, हेही खरं. मोताळ्याला तहसील कार्यालयात अर्ज भरायला मला नेलं, सांगितलं तिथे मी सही केली.

बॅनरवरचा आईचा फोटो एका लग्नातला होता. त्यात मी तिच्या शेजारी उभी होते, खांद्यावर हात ठेवून. फोटोवाल्याने मला कापलं, पण माझी बोटं तिच्या खांद्यावर तशीच राहिली. गावभर लागलेल्या बॅनरवर आई हसत होती आणि तिच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं होती. खाली माझा वेगळा फोटो, हात जोडलेला. त्यात मी कुणाकडेच बघत नव्हते.

मी बुलढाण्याला शिकले, आधी इंग्रजी शाळेत, मग कॉलेजात. पहाटे बस राजूर घाट चढायची, संध्याकाळी उतरायची. त्यामुळे गावाशी माझी ओळख सुटीच्या दिवसांपुरती. आमचा बाजार भरतो मंगळवारी, म्हणजे शाळा-कॉलेजच्या दिवशी. आई आमच्या मळ्यातला भाजीपाला घेऊन बाजारात बसायची हे मला माहीत होतं, पण तिला तिथे बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मला माहीत होती ती मंगळवारची संध्याकाळ. टोपली ओट्यावर टाकून आई कुणाशी न बोलता आधी घरामागे जायची. मग माठापाशी उभ्यानेच पाणी प्यायची. एक तांब्या, मग दुसरा. बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या. बाजारातून आलेलं माणूस तहानलेलं असतं, एवढंच मला वाटायचं.

प्रचाराला आम्ही दारोदार जायचो. बोलायचे मोठे बाबा, मी हात जोडायची. आमच्या पॅनलचं मुख्य काम ठरलेलं होतं, फाट्यावर कमान. “आजूबाजूच्या साऱ्या गावायले झाली. धामणगावकडं जाणाऱ्या माणसाले समजलं पाह्यजे ना, इथी बी एक गाव हाय,” मोठे बाबा सांगायचे. पुरुष माना हलवायचे. बाया माझ्याकडे बघायच्या, कपाळाला कुंकू लावायच्या आणि आईबद्दल एकच वाक्य बोलायच्या, “लय शांत होती वं तुही माय.” मला छताचा पंखा हे चिन्ह मिळालं होतं. एक म्हातारी म्हणाली, “पंखा भेटला तुले? मंग लाइन कई येते, ते इचार पह्यले.” सगळे हसले. मीही हसले. त्या सबंध प्रचारात बहुतेक तेवढंच.

मतदानाच्या आधीच्या मंगळवारी मोठे बाबा म्हणाले, “आज मायच्या जागेवर जाऊन बस. लोकं पाहतीन.” बाबांनी टेम्पोत टोपल्या ठेवल्या. त्यात मेथी, वांगी आणि सांबार होता. सांबार म्हणजे कोथिंबीर. शाळेत मी कोथिंबीर म्हणायची आणि घरी येताना सांबार. आई बसायची ते पोतं बाबांनी अंथरलं आणि ते दुसऱ्या कामाला निघून गेले.

शेजारी मिरची घेऊन बसणारी मावशी आईची बाजारातली सोबतीण. वरच्या आळीतली. तिने मला आधी नीट पाहून घेतलं, मग माझ्या टोपल्या सरळ लावून दिल्या. पाण्याची कॅन आणि कडुनिंबाची डहाळी दिली. “सांबारावर मारत राह्य. सुकला की कोनी हात लावत नाही.” मी डहाळी पाण्यात बुडवून शिंपडत राहिले. ऊन चढलं. मी माझी स्टीलची बाटली काढली आणि प्यायले. थोड्या वेळाने पुन्हा.

“पाणी पेऊन राह्यली तू?” मावशी म्हणाली.

“हो. तुम्हाला देऊ?”

“नको माय.” ती मिरच्यांवरून हात फिरवत राहिली. “मंग दुपारी कुठी जाशीन?”

मला आधी समजलं नाही. दुपारी समजलं. मी उठून विचारलं, “मावशी, इथे वॉशरूम आहे ना?” तिने हनुवटीने दाखवलं. बाजाराच्या कडेला गुलाबी रंगाची खोली होती. भिंतीवर पदर घेतलेल्या बाईचं चित्र आणि मोठ्या अक्षरात ‘महिलांसाठी’. मी निघाले आणि अर्ध्यात थांबले. खोलीचं दार बरोबर चहाच्या हॉटेलकडे होतं. बाकड्यांवर पुरुष बसले होते, काही आमच्याच पॅनलचे. जायची वाट त्यांच्या गुडघ्यांना लागूनच होती. एक जण मला ओळखून उठला, “काय ताई, काही पाह्यजे का?” सगळी बाकडी वळली. मी म्हणाले, काही नाही. दार अर्धवट उघडं होतं. आत ताडपत्र्या आणि मंडपाचे बांबू भरलेले दिसले.

मी परत पोत्यावर येऊन बसले. मावशीने एका गिऱ्हाईकाला मिरची मोजून दिली. मग म्हणाली, “साहेब येनार होता फोटो काढाले. चौकातून दिसलं पाह्यजे म्हनून तोंड इकडं केलं त्यायनं. आता म्हनतात, बांधून देलं तरी बायाच जात नाहीत.”

“मग तुम्ही काय करता?”

“काय करता! सकाळपासून पेतच नाही. माहं घर वरच्या टोकाले. जाऊन येतो म्हटलं त गिऱ्हाईक जाते, अन् बकऱ्या माल खातेत. भाईरगावच्या बाया त कुठी जातीन? तुही माय बी तशीच. दिवसभर सांबाराले पाणी पाजे अन् सोता कोरडी राहे.”

तिने हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, मिरच्या निवडता निवडता.

उरलेली दुपार मी कशी बसले ते लिहिण्यासारखं नाही. मला बुलढाण्याचं हॉस्पिटल आठवत होतं. आईच्या किडन्या गेल्या तेव्हा मी तिला डायलिसिसला न्यायची. डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी पाणी किती प्यायच्या? आई म्हणाली, “पेतो ना.” बाबा खिडकीबाहेर बघत होते. मी डॉक्टरांना एकदा बाजूला गाठून कारण विचारलं. ते म्हणाले, कारण एकच असतं असं नाही, शुगर होती, उशिरा कळलं. मी तेवढ्यावर थांबले. आजही मी असं म्हणत नाही की आई त्या दारामुळे गेली. मला ते माहीत नाही, आणि आता कुणाला कळायचंही नाही.

पण डायलिसिस सुरू झाल्यावर तिला पाणी मोजून द्यायचं होतं. रोज सकाळी मी एक छोटी बाटली भरायची, दिवसभर तेवढंच. आई घोट घ्यायची आणि तोंडातच धरून ठेवायची, गिळायची नाही. उन्हाळा होता. मला बघवायचं नाही. ती मला म्हणायची, “काऊन रडतं? मले सवय हाय.” मला तेव्हा वाटलं, ती माझं समाधान करते आहे.

संध्याकाळी टेम्पोत बाबांच्या शेजारी बसून मी विचारलं, “बाबा, त्या बाजारातल्या दाराचं आईने कधी काही सांगितलं होतं?”

बाबांनी गिअर बदलला. आमचं घर मळ्यातच, गावाबाहेर, वाट खराब, टेम्पो हळू चालला होता. “सांगे ना,” ते म्हणाले. “मेंबर झाली तईपासून तेवढंच सांगे. मी भाऊले बोललो. भाऊ म्हने, बांधकाम झालं, आता दार कसं फिरवता, भित हाय का चाक? सारे हासले. मंग मी नाही बोललो.” वळण घेऊन म्हणाले, “तिनं बी मंग सोडून देलं.”

घरी आल्यावर मी टोपली ओट्यावर टाकली आणि आधी घरामागे गेले. मग माठापाशी उभी राहिले. तांब्या भरला आणि तसाच माठावर ठेवला.

मी निवडून आले. लोकांनी मत मला दिलं नाही, आईला दिलं, हे सगळेच मोकळेपणाने म्हणत होते आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मतमोजणीनंतर मोताळ्याहून येताना मोठे बाबांनी माझ्या कपाळाला गुलाल लावला. नंतरच्या पहिल्या मासिक सभेला ते गेले. रजिस्टर घरी आलं. तोच शिपाई दारात उभा राहिला. मी पेन घेतलं आणि काय ठरलं ते विचारलं. तो हसला.

“कमान मंजूर झाली, ताई. ग्रामसभेत सांगनार हायेत.”

“आणि बाजारातलं ते... ते दार?”

“कोनतं दार?”

मी सही केली. आईच्या सह्यांची पानं मागे होती, उलटली नाहीत.

मोठे बाबांशी मी एकदा बोलायचा प्रयत्न केला. ते जेवत होते. मी म्हणाले, बाजारातल्या बायकांची गैरसोय होते. ते म्हणाले, “कायची?” मला तो शब्द त्यांच्यासमोर उच्चारता येईना. इंग्रजीत तो मी शाळेत बाईंना, दुकानात, हॉस्पिटलात कुणालाही सहज विचारते. आई त्याला ‘तिकडं’ म्हणायची. मी म्हणाले, “असंच, सगळीच.” ते म्हणाले, “हाव, पाहू,” आणि भाकरीचा तुकडा मोडला.

ग्रामसभा पंचायतीसमोरच्या शेडमध्ये झाली. पुरुष खुर्च्यांवर, बाया बाजूला सतरंजीवर. त्या दिवशी बाया जरा जास्त होत्या, कारण महिला दिसल्या पाहिजेत म्हणून शिपाई घरोघर फिरला होता. मिरचीवाली मावशीही आली होती, पदर कानामागे खोचून. मला खुर्ची दिली होती. ग्रामसेवकाने वर्षाची कामं वाचून दाखवली. देवळासमोर पेव्हर ब्लॉक. चौकात मोठा दिवा. वरच्या आळीच्या पाइपलाइनचं काम पुढच्या आराखड्यात. आणि फाट्यावर कमान.

मग सरपंच उभे राहिले. कमानीला आपल्या दिवंगत सदस्याचं, म्हणजे माझ्या आईचं नाव द्यावं असं सर्वांचं मत आहे, ते म्हणाले. गावासाठी तिने न बोलता काम केलं. टाळ्या झाल्या. बाबांनी डोळे पुसले. मला माहीत आहे, त्यांना ते खरंच चांगलं वाटलं होतं. मोठे बाबांनाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. गावात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर आईचं नाव असणार होतं. तिने मागितलं होतं एक दार, तेही नवं नाही, आहे तेच मागच्या बाजूने.

“ऊठ, दोन शबद बोल,” मोठे बाबा माझ्याकडे झुकून म्हणाले. “आभार मान, बस.” मागून कुणीतरी म्हणालं, “इंग्रजीत बोलली तरी चालीन, ताई. आमी टाळ्या वाजवू.” हशा झाला.

मी उभी राहिले. माइक हातात आला तो गरम होता, आधीच्यांच्या हातांनी. मी खुर्च्यांकडे पाहिलं, तर शब्द सापडेना, ना इंग्रजी ना आईचा. मग सतरंजीकडे पाहिलं. मावशी खाली मान घालून बसली होती. तिच्या शेजारी पालकवाली, तिच्या मागे वांगी विकणारी, मंगळवारच्याच सगळ्या. मोठे बाबा हळूच म्हणाले, “बोल ना.”

“कमानीवर नाव नका लावू,” मी म्हणाले. आवाज माझा वाटत नव्हता, आईच्या बोलीतला होता. “माही माय बाजाराच्या दिवशी पाणी पेत नव्हती. ह्या बसल्या ना, ह्या बी पेत नाहीत. संडासाचं तोंड हॉटेलाकडं हाय, म्हनून. ते दार फिरवून द्या.”