झेप न घेणारा

दौंडला बास्केटबॉलची फायनल होती. शेवटचं मिनिट, आणि आम्ही शिरूरकर एकाच गुणानं पुढं. मी बाकावर लॅपटॉप घेऊन बसले होते. आमचा कुठला खेळाडू कोर्टवर असताना समोरचे शंभर चालींमागं किती गुण करतात, हा हिशेब मी वर्षभर ठेवला होता.

आमची पोरं कबड्डीत वाढलेली. कॅप्टन तर चेंडूवाल्यावर झेपच घ्यायचा. चेंडू हाती लागला की लोक मैदान डोक्यावर घ्यायचे, पण हुकला की मागं सगळं मोकळं. माझ्या आकड्यांत तोच सगळ्यांत महागात पडत होता. सगळ्यांत कमी गुण जायचे ते बाकाच्या टोकाला बसणारा एक गप्प पोरगा खेळत असताना.

मी आमच्या कोच सरांना म्हणाले, "सर, कॅप्टनला बसवा! त्या गप्प पोराला उतरवा!"

"त्यानं कवा एक तरी बॉल हिसकावलाय का?"

"न्हाई सर. पण तो असला की समोरच्यांना शॉटच मिळत न्हाई!"

सरांनी चिडूनच बदल केला. दौंडची शेवटची चाल. पोरगा झेपावला नाही, हात वर करून नुसता समोर सरकत राहिला. चेंडूवाला फेकू की पास देऊ करत घुटमळला आणि भोंगा वाजला.

आम्ही जिंकलो. पोरं ओरडत धावत आली आणि त्यांनी कॅप्टनला खांद्यावर उचललं. माझ्या शेजारच्या बाकावरून.