विकायचे दाणे, घरचे दाणे

आमच्या दाण्याच्या कुटाला पनवेलच्या बाजारात नाव होतं, हे मी आजही मान वर करून सांगते. दाणे एकसारखे भाजलेले, साल पूर्ण पाखडलेली, आणि पिशवीभर कुटात एक कडवट दाणा सापडायचा नाही. श्रावणात दुकानदार आमचा माल येईपर्यंत दुसऱ्याचा मांडत नसे. हा उद्योग मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंनी नवीन पनवेलच्या आमच्या घरात सुरू केला, तेव्हा नवं शतक नुकतंच लागलं होतं. जाऊबाईंना मी वहिनी म्हणते. खरेदी, हिशेब, दुकानदारांशी बोलणं माझ्याकडे. भाजणं आणि निवडणं वहिनींकडे. निवडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. डोळे टीव्हीवरच्या मालिकेत असले तरी बोटं डाग पडलेला, चिमलेला, हिरवट दाणा बरोबर बाजूला टाकायची.

बाजूला टाकलेले दाणे घरच्या डब्यात जायचे. चांगलं गिऱ्हाइकाला, उरलेलं घराला, ही रीत आम्ही दोघींनी आपापल्या माहेरी पाहिली होती. पापड लाटणारीच्या घरी मोडके पापड, आंबेवाल्याच्या घरी डागी आंबे, तसं आमच्याकडे हे. त्यात आम्हाला आमचा प्रामाणिकपणाच दिसायचा. त्या दाण्यांचं कूट भाजीत पडे, कोशिंबिरीत पडे, आणि सगळ्यांत जास्त भाऊजींच्या पानात. भाऊजी म्हणजे वहिनींचे यजमान, न्हावा शेव्याला एका कचेरीत नोकरीला होते. त्यांना वरणभातावरसुद्धा कूट लागायचं.

पन्नाशीनंतर भाऊजींना मधुमेह निघाला, पोट सुटलं, आणि एका सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. दारू सोडाच, ते सुपारीच्या खांडालाही शिवत नसत. तरी एका लग्नात पंगतीत कुणीतरी त्यांना कोपरखळी मारली, 'काय, छुपे रुस्तम निघालात की.' भाऊजी हसले. पण नंतर ते लग्नांना जायचं टाळू लागले. पुढच्या तपासणीत लिव्हर कडक व्हायला लागल्याचं निघालं, तेव्हा मोठ्या डॉक्टरांकडे मीही सोबत गेले. भाऊजी डॉक्टरांसमोर निम्मं विसरतात आणि वहिनी भलतंच सांगत बसतात, म्हणून.

त्या दिवशी मात्र वहिनींनी अगदी नेमकं सांगितलं. डॉक्टर खाण्याबद्दल विचारत होते, तेल किती, गोड किती, बाहेरचं किती. बोलता बोलता कुटाचा विषय निघाला. वहिनी खुर्चीत सरसावून म्हणाल्या, "विकायचे निवडून झाले की उरलेले आम्ही घरात वापरतो. आमच्याकडे एक दाणा वाया जात नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि उरलेले म्हणजे कसे, ते विचारून घेतलं. मग शांतपणे सांगितलं की हिरवट, काळपट दाण्यावर बुरशी असते, आणि काही बुरशींचं विष थेट लिव्हरला बाधतं. भाजल्याने ते पुरतं जात नाही, आणि कूट केल्यावर दिसतही नाही. भाऊजींचा आजार त्यामुळेच झाला का, हे कुणालाच सांगता येणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं. मधुमेह आणि वाढलेलं पोट ही कारणं पुरेशी होती. पण थकलेल्या लिव्हरवर आणखी हे ओझं नको. वजन उतरवा, रोज चाला, आणि तो डबा बंद करा; चांगल्या दाण्यांचं कूट चमचाभर चालेल. निघताना मी एकच जास्तीचा प्रश्न विचारला, हे दाणे गुरांना चालतील का? नाही म्हणाले. विष दुधात उतरतं.

पावसाळ्यात आमच्याकडचं मीठसुद्धा पाणी धरतं, मग दाणेही जास्त खराब निघतात. त्यामुळे डबा नेहमीपेक्षा जास्तच भरलेला होता. शेजारी श्रावणाचा माल, पिशव्या सील करून, दुसऱ्या दिवशी दुकानात जायला तयार. घरी आल्या आल्या मी फिनेलची बाटली काढली. वहिनी डब्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. अन्न आहे, टाकायचं नाही.

"देवळामागच्या गाईला देऊ," त्या म्हणाल्या.

दुधाचं मी पुन्हा सांगितलं. मग त्या कबुतरांवर आल्या. कबुतरांना लिव्हर नसतं का, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी मला सुनावलं की दोन बुकं जास्त शिकलीस म्हणून अन्नाला पाय लावशील काय. मी बाटली काही खाली ठेवली नाही.

भाऊजी कॉटवर बसून पायमोजे काढत होते. खाली बघतच म्हणाले, "अगं, गाय कशाला शोधतेस? इतकी वर्षं मीच होतो की."

ते चेष्टेतच बोलले. पण वहिनी एकदम थांबल्या. माझ्या हातातली बाटली त्यांनी घेतली, डब्यात रिकामी केली, आणि झाऱ्याने वरखाली ढवळलं, कुठल्या बकरीने तोंड लावू नये म्हणून. सगळं पोत्यात भरून त्यांनी तोंड सुतळीने आवळलं. घंटागाडीचा आवाज आला तशा स्वतः ते पोतं ओढत जिना उतरल्या. मी हात लावायला गेले तर लावू दिला नाही. घरात भाताचं शीतही न सांडणारी ती बाई पोतं गाडीत पडेपर्यंत तिथेच उभी होती. मला त्यांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

वर आल्यावर त्यांनी हात धुतले आणि पानं घेतली. मग श्रावणाच्या मालातली एक पिशवी उचलली आणि कात्रीने तिचं सील कापलं. आमच्या घरात विकायची पिशवी पहिल्यांदाच फुटत होती. काकडीच्या कोशिंबिरीवर त्यांनी कूट घातलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढंच, आणि वाटी भाऊजींच्या पानात ठेवली.

भाऊजींनी पिशवीकडे पाहिलं. "कुणी पाहुणे यायचेत का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "जेवा."