जगाला लासुर्ण्याची वाट सांगितली तेव्हा

आमचं नेटवर्क मोठ्या कंपनीला देऊन टाकायचं की ठेवायचं, याचं उत्तर तात्यांना तीन महिन्यांत द्यायचं होतं, आणि ते ‘देतो’ असं येऊ नये म्हणून मी जिवाचं रान करत होते. तात्या म्हणजे माझे चुलते. त्यांनी लासुर्ण्यात आधी केबल टीव्हीच्या वायरी ओढल्या, मग त्याच खांबांवरून फायबर ओढलं आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांना इंटरनेट दिलं. मी पुण्यातली नोकरी सोडून त्यांच्या ऑफिसात येऊन बसले होते. ऑफिस म्हणजे खताच्या दुकानावरची एक खोली. खोलीत एसी होता, पण तो राउटरसाठी. आम्ही बसायचो त्या कोपऱ्यात त्याची हवा पोहोचत नसे.

कंपनीचा माणूस दर आठवड्याला यायचा. म्हणायचा, “तात्या, तुमची बाहेर जाणारी लाईन एकच, बारामतीची. रस्त्याच्या कामात जेसीबीनं ती तोडली की तुमची सगळी गावं अंधारात. एकट्यानं किती धावणार?” तो गोड बोलायचा आणि खरं बोलायचा, म्हणून मला त्याचा जास्तच राग यायचा. लाईन तुटली की तात्या खरंच हातातला घास टाकून मोटारसायकलला किक मारत आणि उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत तुटलेली जागा शोधत फिरत. मी एकदा मागे बसून गेले होते. पुन्हा जायची हिंमत झाली नाही.

“मग इंदापूरकडनं दुसरी लाईन घिऊ की,” तात्या म्हणाले. “हिकडची तुटली की तिकडनं.”

नुसती वायर ओढून ते होत नाही, हे त्यांना समजावताना मला इतकी मजा आली की मी बोलता बोलता उभीच राहिले. आजवर आमच्या गिऱ्हाइकांचे इंटरनेटवरचे पत्ते बारामतीच्या नेटवर्कनं वापरायला दिलेले होते. ते इंदापूरकडून चालले नसते. आम्हाला हवे होते स्वतःचे पत्ते, आणि जगात आमचं नेटवर्क ओळखू येईल असा स्वतःचा एक नंबर. कारण इंटरनेटला कुणी मालक नाही, कुणी पाटील नाही. हजारो नेटवर्कं आहेत आणि जो तो आपल्या घरचा राजा. प्रत्येक जण शेजाऱ्याला एवढंच सांगतो, की अमुक पत्त्यांकडे जायचं असेल तर माझ्याकडून वाट आहे. शेजारी त्यात आपला नंबर जोडून पुढच्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला. ऐकणारा आपल्या सोयीची वाट निवडतो. बस्स. एवढ्या सांगोवांगीवर जग चाललंय.

तात्यांनी सुपारी कातरायची थांबवली. “आन् कुणी खोटं सांगितलं तर?”

“तर लोक तिकडे जातात.”

“आयला,” तात्या म्हणाले, आणि त्या दिवसापासून ते माझ्या बाजूनं झाले.

रीतसर अर्ज करून नंबर आणि पत्ते मिळाले तेव्हा मी पेढे वाटले. इंदापूरची लाईन जोडली गेली. राहिली बारामती. तिथलं नेटवर्क चालवतात तात्यांचे व्याही, म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे सासरे. त्यांचा पसारा आमच्यापेक्षा कितीतरी मोठा, तरी दोन व्याही एकमेकांशी अशा अदबीनं बोलतात की जणू लग्न कालच लागलंय. त्यांच्या इंजिनियरनं मला फोन करून सांगितलं की तुम्ही कोणकोणते पत्ते जाहीर करणार त्यांची यादी पाठवा, म्हणजे तेवढेच आत घेतो. ही जगभरची रीत आहे. पण व्याह्यांच्या कानावर ते गेलं आणि ते त्याच्यावरच उखडले. “पाव्हण्यांकडं यादी मागतोस? ते सांगतील ते घ्यायचं!” इकडे मी विचारलं, की तात्या, त्यांना आपण काय काय सांगायचं? तात्या म्हणाले, “सगळं सांग. सोयऱ्यापासनं काय लपवायचं?” मी हसले, आणि बारामतीला काय सांगायचं नाही, याचा नियम राउटरमध्ये घातलाच नाही. मला कधी एकदा सुरू करते असं झालं होतं!

सुरू केलं. जगातल्या काही मोठ्या नेटवर्कांनी बाहेरच्यांना बघायला खिडक्या ठेवलेल्या असतात. तिथून त्यांना कोणती वाट दिसते ते कळतं. मी जपानमधली एक खिडकी उघडली आणि आमचा पत्ता टाकला. आधी काहीच नव्हतं. पुन्हा पाहिलं, तर नंबरांची एक ओळ उमटली होती, आणि तिच्या शेवटी आमचा नंबर! मी ओरडलेच. खालून खतवाला काय झालं म्हणून धावत वर आला.

“म्हंजी जपानला कळलं लासुर्णं कुठं हाय?” तात्यांनी विचारलं.

“कळलं!”

“आन् आपुन कुणालाच इचारलं न्हाय?”

“शेजाऱ्याला सांगितलं फक्त.”

तात्यांनी पडद्यावरच्या त्या शेवटच्या नंबरावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. व्याही होते. आवाज इतका चढा की मला शेजारी बसूनही ऐकू येत होतं.

“पाव्हणं, माझी आख्खी बारामती तुमच्या लासुर्ण्यातनं का जातीया?”

तात्यांना ती तक्रार आहे हेच कळलं नाही. “येऊ द्या की,” ते कौतुकानं म्हणाले, “घर तुमचंच हाय.”

मी पडद्यावरच्या रहदारीच्या आलेखाकडे पाहिलं आणि काय झालंय ते कळलं. ‘सगळं सांग’ म्हणजे राउटरनं खरोखरच सगळं सांगितलं होतं. आमचे पत्ते तर सांगितलेच, शिवाय इंदापूरकडून आम्हाला कळलेल्या साऱ्या जगाच्या वाटाही बारामतीला सांगितल्या होत्या. आपल्याकडून लाईन घेणाऱ्यानं सांगितलेली वाट आधी धरायची, असं मोठ्या नेटवर्कांच्या राउटरला शिकवलेलंच असतं. म्हणून बारामतीची सगळी रहदारी आमच्या बारक्या लाईनवरून इंदापूरला निघाली होती आणि वाटेत तुंबून बसली होती. कोणाचंच काही उघडत नव्हतं.

मी बारामतीशी झालेली जोडणी तोडली. तिकडचं सुरळीत झालं, पण व्याह्यांचा पारा उतरेना. “आमी आता लाईन देत न्हाय. मोठ्या कंपनीलाच द्या नेटवर्क, सुखी व्हाल.” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. तात्या खुर्चीत बसले. मला स्वतःचाच संताप आला होता. राउटरमध्ये एवढंच लिहिलं, की बाहेर सांगायचं ते फक्त आपलं. मग आमच्या पत्त्यांची यादी त्या इंजिनियरला पाठवली.

तात्यांनी स्वतः फोन लावला. “पाव्हणं, चूक दोघांचीबी. आमी नगं ते सांगितलं, तुमी न तपासता घेतलं. आता यादी धाडलीया. तिच्याभायेर माझा शबुद मानू नगा. माझा म्हंजी माझाबी न्हाय.”

 व्याही एकदम हसले. “असं व्याह्याला कोण सांगतं का, ओ?” जोडणी पुन्हा सुरू झाली.

उत्तराच्या दिवशी कंपनीचा माणूस कागद घेऊन आला. तात्या अजून काठावरच होते. जपानला लासुर्णं दिसलं म्हणून लाईन तुटायची थांबणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. चहा आला. माणूस आमच्याच वायफायवर लॅपटॉप उघडून त्याच्या साहेबांशी व्हिडिओवर बोलत होता. “सर, नेटवर्क बरं आहे, पण धोका फार. लाईन तुटली की...”

माझ्या पडद्यावर बारामतीची खूण लाल झाली.

लाईन तुटली होती. खरीच. त्याच्या लॅपटॉपमध्ये साहेबांचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडानं थांबला.  इंदापूरकडून वाट आहे, इंदापूरकडून वाट आहे, असं ही बातमी ऐकलेला प्रत्येक जण पुढच्याला सांगत असणार, आणि त्यातल्या एकालाही लासुर्णं माहीत नव्हतं. साहेबांचं तोंड मिटलं आणि ते बोलू लागले. माणसानं वाक्य पुरं केलं, “...लाईन तुटली की सगळंच बंद पडतं, सर.”

मी तात्यांना पडदा दाखवला. सवयीनं ते ताडकन उठले, किल्ली हातात घेतली, दारापर्यंत गेले. तिथं उभं राहून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या बोलणाऱ्या माणसाकडे. मला रडूच आलं. तात्या परत आले आणि खुर्चीत बसले.

“जाऊ सावकाश,” ते म्हणाले. “आधी च्या घिऊ.”